खुलासा : शिओगोरॅथच्या ‘सोळा पैजां’बद्दल

‘स्कायरिम’ (2011) हा व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय : वेडाचा अधिपती शिओगोरॅथ याने सोळा डेड्रिक राजपुत्रांशी (म्हणजे गेममधल्या देवासारख्या शक्तींशी) पैजा लावल्या, सगळ्या ताकदीने जिंकल्या आणि त्या सोळाही गेममध्ये खेळता येतात.

तसं नाही. ‘वेडाचे सोळा करार’ हे गेममधल्या पुस्तकांचं नाव आहे, त्यावरून हा आकडा आला. स्कायरिममध्ये खंड मिळतात तीनच : सहावा, नववा, बारावा. त्या कथा फक्त वाचायच्या. त्यांवर एकही क्वेस्ट (खेळायची मोहीम) नाही.

खरी मजेची पैज सहाव्या खंडात आहे. शिकारीचा देव हिर्सीनशी ठरतं, की तीन वर्षांनी दोघांनी झुंजीसाठी आपापला प्राणी आणायचा. हिर्सीन आणतो नरपशूचा शाप जडलेला अक्राळविक्राळ राक्षस. शिओगोरॅथ? एक इवलासा रंगीत पक्षी. पक्षी भुर्रकन उडून राक्षसाच्याच अंगावर बसतो, राक्षस पंजा मारतो, पक्षी निसटतो, नखं स्वतःच्याच मांसात रुततात. असं करत करत राक्षस स्वतःलाच फाडून घेतो. त्यामुळे ‘शिओगोरॅथने ताकदीने हरवलं’ हेही चूकच.

नवव्यात दुःस्वप्नांची अधिपती व्हर्मिना हिच्याशी एका लेखकावरून चढाओढ आहे. बाराव्यातली मॅलकॅथ या आणखी एका डेड्रिक राजपुत्राची गोष्ट मात्र पैज नाहीच, सरळसरळ फसवणूक आहे (आणि तिघींत तीच जास्त क्रूर, असं माझं मत).

तो संदेश पुढे ढकलला असेल, तर हेही ढकला.