वाघ कसा घेरावा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की अर्धा महाराष्ट्र चंद्रपूरकडे, ताडोब्याच्या जंगलाकडे निघतो. जिथे दुपारी कावळासुद्धा सावली सोडत नाही, तिथे माणसं बायकापोरांसह सुट्टी घालवायला जातात, ती फक्त वाघासाठी. पानगळ झालेली असते, पाणवठे आटलेले असतात, वाघ पाण्यावर येतोच, हे सगळं खरं. शिवाय २०१८ च्या गणनेत राज्यात ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४ झाले. म्हणजे आता तो दिसलाच पाहिजे, पैसे भरलेत आपण. पण नुसतं शांत बसून वाघ दिसतो अशा भ्रमात अजून काही भाबडे जीव आहेत. मीही त्यातलाच. परवा बफरमधल्या, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यातल्या, एका गेटातून संध्याकाळची सफारी केली आणि या विषयातली खरी जाणकार मंडळी कशी वागतात ते जवळून पाहिलं. हे ज्ञान वाटल्याशिवाय चैन पडेना.

पहिली गोष्ट म्हणजे पोशाख. लष्करी ठिपक्यांचे कपडे हवेतच, टोपीपासून मोज्यांपर्यंत. वाघाला तुम्ही झुडूप वाटायला हवं. ते झुडूप चिवड्याचं पाकीट फोडत असेल आणि त्याला पन्नास फुटांवरून परफ्यूमचा वास येत असेल, तरी बिघडत नाही.

लेन्स सहाशे एमएमची. स्वतःची नसेल तर भाड्याने आणा, पण हातात तोफ हवी. वाघ समोर झोपलेला असेल तर बर्स्ट मोडवर चारशे फोटो काढा. चारशेही फोटोंत तो त्याच कुशीवर असेल. असू दे. कार्ड रिकामं घरी नेणं अशुभ.

गाईडला गेटातच विचारा, "आज दाखवणार ना नक्की?" तो आसपासच्या गावातला असतो, त्याच्या आजोबांपासून सगळे याच जंगलात वावरलेले. वानर खाकरलं तर वाघ आहे की बिबट, सांबराने धोक्याचा कॉल दिला तर कोणत्या बाजूने, हे त्याला बसल्या जागी कळतं. त्यासाठी तो गाडी बंद करायला सांगतो आणि कान देऊन ऐकतो. नेमकं तेव्हाच बोलायला लागा. सोसायटीतल्या पार्किंगचा विषय चांगला.

पक्षी दाखवला तर "पुढे चला."

रानकुत्र्यांचा कळप दिसला तर "कुत्रेच ना!" म्हणून पाणी प्या. जगात प्रौढ रानकुत्री फार तर २,२०० उरली असावीत असा आययूसीएन या जागतिक निसर्ग-संवर्धन संघटनेचा अंदाज आहे, पण त्यांना पट्टे नाहीत, त्याला कोण काय करणार?

वाघाचा उल्लेख नेहमी घरोबा असल्यासारखा करावा. "ही मायाची लेक", "हा जयच्या वळणावर गेलाय" असं. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तो जय नागपूरजवळच्या उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातून २०१६ मध्ये नाहीसा झाला आणि आजवर सापडला नाही. ताडोब्याची माया २०२३ च्या पावसाळ्यात दिसेनाशी झाली, पुढे तिचे अवशेष मिळाले. त्या तपशिलात शिरू नका, रील लांबते.

मंगळवारी ताडोबा बंद असतं. आठवड्यातला एक दिवस वाघ आपल्याशिवाय कसा काढतात, कोण जाणे.

आता मुख्य धडा, हेड-ऑनचा. वाघ समोरून, थेट लेन्सकडे चालत येतोय असा फोटो मिळाला नाही तर सफारी फुकट गेली असं समजतात. वाघाला मऊ धुळीचा रस्ता आवडतो, तो बराच वेळ रस्त्यावरूनच चालतो, मध्येच झाडावर मूत्राची पिचकारी मारून हद्द सांगतो. याचा फायदा घ्या. ड्रायव्हरला गाडी त्याच्या पुढे घालायला लावा आणि मग त्याच्या तोंडासमोर रिव्हर्समध्ये ठेवा. तो थांबला तर थांबा, चालला तर चाला. त्याने रस्ता सोडायचं मनात आणलं, तर त्या बाजूला दुसरी गाडी असतेच.

परवा मला हे सगळं अगदी पहिल्या रांगेतून पाहायला मिळालं. वाघीण डावीकडे बांबूच्या रांजीत होती, पाणवठा रस्त्याच्या उजवीकडे. मागे दोन बछडे होते, त्यांचे कान तेवढे दिसत होते. तिला फक्त रस्ता ओलांडायचा होता. एक गाडी थांबली, तिचा धुरळा पाहून दुसरी आली, बघता बघता दहा-बारा जिप्सी. पुढे, मागे, आडव्या, एकमेकींच्या बंपरला बंपर. कुणाचं इंजिन चालू, कुणी सीटवर चढलेला, कुणी रोलबारवर. वाघीण दोन पावलं बाहेर आली, गाड्या दोन फूट सरकल्या. ती मागे गेली. पुन्हा आली, पुन्हा तेच. आमच्या शेजारच्या गाडीत पुण्याकडचे एक काका होते. मराठी गाईडशी हिंदीत बोलायचं, हा आपला जुना रिवाज ते पाळत होते. "भैया, थोडा आगे लो ना, पत्ती आ रही है बीच में!" गाईड हळूच म्हणाला, "साहेब, तिले रस्ता सोडा लागते जी." काकांनी पाचशेची नोट काढली. गाडी आगे गेली.

वाघीण कॅमेऱ्याकडे बघेना, म्हणून एकाने दारावर थापा मारल्या. थप, थप, थप. वर शीळ. तिने कान मागे पाडले, दात दाखवले, आणि सगळीकडून एकदम "वॉव!" आलं. अहो, वॉव काय? ती तुम्हाला सांगतेय, की माझी पोरं मागे आहेत, तुम्ही वाटेत आहात, बाजूला व्हा! यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं तिने, अर्ज लिहून? एक बछडा तेवढ्यात गोंधळून रस्त्याच्या कडेला आला, समोर चाकं बघून तसाच उलटा पळाला, आणि त्याचाही फोटो निघाला. "क्यूट" म्हणे. तहानलेलं, घाबरलेलं पोर क्यूट. मग गेट बंद व्हायची वेळ झाली, उशिराचा दंड नको म्हणून सगळ्या गाड्या एका दमात धूळ उडवत सुटल्या. आम्ही निघालो तेव्हाही ती रांजीतच होती. पाण्यावर गेलेली नव्हती.

बरं, हे माहीत नसतं म्हणून होतं असंही नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत वन्यप्राण्यापासून किमान २० मीटर अंतर ठेवा असं साफ लिहिलंय. गेटावर पाटी असते, गाईड सांगतो, तुम्ही मान डोलावता. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडल्यात वर्षअखेर साजरी करणाऱ्यांच्या गाड्यांनी एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह दोन्हीकडून असंच कोंडलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, सगळ्यांनी "छे छे" केलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. निलंबन आणि दंड गाईड-ड्रायव्हरांच्या वाट्याला आला. "और आगे लो" म्हणणाऱ्यांचे फोटो मात्र फ्रेम होऊन दिवाणखान्यात लागले असतील.

ज्यांना एवढी दगदग नको, त्यांच्यासाठी पिंजऱ्यातला वाघ आहेच. प्राणिसंग्रहालयात गेलात की आधी काचेवर टकटक करा, वाघाला अंगठी ओळखू येते. तो झोपला असेल तर "मेला वाटतं" म्हणा. पांढरा वाघ असेल तर "किती दुर्मिळ!" म्हणा, मुलांनाही सांगा. १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या मोहन नावाच्या एका बछड्यापासून, लेकीशी, नातीशी जुळणी करत करत ही वंशावळ वाढवली, तिरळे डोळे नि वाकडे पाठीचे कणे त्यातून आले, हे मुलांना सांगू नका. बिचारी घाबरतील.

आणि परदेशवारी असेल तर थायलंड. साताठ दिवसांच्या टूरमध्ये एक सकाळ वाघाच्या पाठीवर हात ठेवून फोटोची. वाघ इतका गरीब कसा, असं विचारणारा माणूस टूरमध्ये नसतोच. कांचनाबुरीच्या वाघ-मंदिरातही असेच लाडके वाघ होते. २०१६ मध्ये सरकारने तिथून १३७ वाघ हलवले, तेव्हा फ्रीझरमध्ये बछड्यांची चाळीस कलेवरं निघाली. तुमचा तिथला फोटो अजून फेसबुकवर असेल, बघा एकदा.

जाऊ दे, आता सल्ले पुरे झाले. हसून हसून सांगावं असं यात काही राहिलेलं नाही.

तुम्ही जिथे सायटिंगला जाता, त्या जंगलात माणसं पायी फिरतात. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोब्यात व्याघ्रगणनेचं काम करताना एक महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात गेली. ती पायी होती. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडायला चंद्रपूर जिल्ह्यातल्या बाया पहाटे जंगलात शिरतात, त्याही पायीच, आणि मे महिन्यात त्यांच्या बातम्या येतात. माणसाला, गाडीला आणि गोंगाटाला कोडगा झालेला वाघ तुम्हाला हवाय, कारण तो फोटोला बरा. पण तोच वाघ उद्या गावाच्या शिवारात उभा राहिला तर हटणार नाही, आणि तिथे त्याच्यासमोर तुमची जिप्सी नसेल, पाठमोरी वाकून पानं खुडणारी बाई असेल. एवढं तरी डोक्यात शिरू द्या.

गाईडला नोट दाखवू नका. त्याला सफारीमागे मिळतं ते मोजकंच, त्याच्या घरी लेकरं आहेत, त्याची "नाही" म्हणायची सोय तुम्ही काढून घेता आणि कारवाई झाली की फोन बंद करून मोकळे होता. लाज वाटायला हवी. गाडी मागे घ्यायला तुम्हीच सांगा, इंजिन बंद करायला तुम्हीच सांगा, खाली बसा, तोंड बंद ठेवा. रस्ता तिचा आहे, ती आधी जाईल. फोटो नाही आला तर नाही आला, कुणाचं काही अडलेलं नाही. आणि हे जमणार नसेल तर बुकिंग रद्द करा. शनिवार-रविवारच्या गाड्या पाच मिनिटांत संपतात. एक तरी जागा रिकामी होईल, कुणीतरी बरा माणूस येईल.