आधी घर की आधी शाळा?
बदलीचा आदेश हाती पडला की मुलांच्या शाळेचा प्रश्न उभा राहतो आणि दर वेळी तोच छळ नव्याने सुरू होतो. सरकारी शाळा अनेकदा राहत्या पत्त्याचा पुरावा मागते, पुराव्यासाठी आधी घर घ्यावे लागते आणि घर कोणत्या भागात घ्यावे हे तर शाळेवरच ठरायचे असते! खासगी शाळा पत्त्यासाठी अडून बसत नाही. मात्र जागा राखण्यासाठी परत न मिळणारी रक्कम आगाऊ मागते. त्यात ‘खासगीच उत्तम’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा मला मनस्वी संताप येतो. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांसाठी होणाऱ्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीच्या २०१८ च्या निष्कर्षांत, विद्यार्थ्यांची आणि शाळांची सामाजिक-आर्थिक स्थिती हिशेबात घेतल्यावर, ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेतील देशांच्या सरासरीत वाचनामध्ये सरकारी शाळांतील मुलेच पुढे होती. शिक्षक किती वर्षे टिकतात आणि सत्राच्या मध्यावर आलेल्या मुलाचा बुडालेला अभ्यास कोण भरून काढतो, हे मला खरोखर जाणून घ्यायचे असते. पण ते कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते आणि प्रवेशाची मुदत मात्र सामान बांधून होण्याआधीच संपते.