कृपया एकच शहर लिहावे

आमच्या कार्यालयातल्या मनुष्यबळ विभागाला कर्मचाऱ्यांची एकमेकांशी ओळख वाढवण्याचे झटके अधूनमधून येतात. या खेपेच्या झटक्यात एक फॉर्म आला. त्यात तीनच प्रश्न होते: जगातील कोणत्या शहरात तुम्हाला राहायला आवडेल, कोणत्या शहरात काम करायला आवडेल आणि कोणत्या शहरात फिरायला आवडेल. प्रत्येक प्रश्नाखाली तारांकित सूचना होती, 'कृपया एकच शहर लिहावे'. सोबतच्या पत्रात 'अवघी पाच मिनिटे लागतील' असे आश्वासनही होते. मला तीन दिवस लागले.

मी जग फारसे पाहिलेले नाही. जी चार-पाच शहरे पाहिली त्यांच्याविषयी माझी मते डळमळीत आहेत. न पाहिलेल्या शहरांविषयी मात्र ती अत्यंत ठाम आहेत. त्यामुळे पहिला प्रश्न मी हातोहात उडवीन अशी माझी समजूत होती. तरी उत्तराला काही शास्त्रीय आधार असावा, म्हणून मी राहण्यायोग्य शहरांच्या जागतिक याद्या उघडल्या, आणि तिथेच फसलो.

यांतली सर्वांत गाजलेली यादी इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट या लंडनच्या संशोधनसंस्थेची. स्थैर्य, आरोग्यसेवा, संस्कृती व पर्यावरण, शिक्षण आणि पायाभूत सुविधा अशा पाच विषयांत ती १७३ शहरांची परीक्षा घेते आणि शंभरपैकी गुण देते. २०११ ते २०१७ अशी सलग सात वर्षे मेलबर्न पहिले आले. मग व्हिएन्नाने त्याला मागे टाकले, २०२१ मध्ये ऑकलंडने मधेच पहिला नंबर पटकावला, २०२२ ते २०२४ पुन्हा व्हिएन्ना आणि २०२५ मध्ये कोपनहेगन. म्हणजे एखाद्याने २०१७ साली बाडबिस्तरा बांधून मेलबर्न गाठले असते, तर सामान लावून होईपर्यंत त्याचे शहर दुसऱ्या क्रमांकावर घसरलेले असते.

मेलबर्न पहिले कसे आले ही हकिकत तर मी बायकोला दोनदा वाचून दाखवली. त्याआधी सुमारे दशकभर हा मान कॅनडातल्या व्हँकुव्हरकडे होता. २०११ मध्ये व्हँकुव्हरचे गुण किंचित कापले गेले आणि त्याचे कारण म्हणून मालाहाट नावाचा महामार्ग वारंवार बंद राहिल्याचा उल्लेख झाला. आता मालाहाट महामार्ग व्हँकुव्हर शहरात नाहीच. तो आहे व्हँकुव्हर बेटावर, आणि शहर व बेट यांच्यामध्ये चक्क समुद्र आहे. निकाल लागला तेव्हा मेलबर्नला ९७.५, व्हिएन्नाला ९७.४ आणि व्हँकुव्हरला ९७.३ गुण होते. शेजारच्या घरातला नळ गळतो म्हणून आमच्या घराचे गुण कापावेत, असाच हा प्रकार.

"पण या याद्या करतात कशाला?" बायकोने विचारले.

हा प्रश्न मला आधी पडायला हवा होता. शोध घेतल्यावर कळले की अशा याद्यांचा एक मोठा उपयोग कंपन्यांना होतो: परदेशी धाडलेल्या कर्मचाऱ्याला तिथल्या गैरसोयीबद्दल किती भत्ता द्यायचा, हे त्यावरून ठरवता येते. म्हणजे माणसाच्या हालाची किंमत काढण्यासाठी केलेला हिशेब आपण सुखाचा नकाशा म्हणून वाचत असतो. हे वाक्य मला इतके आवडले की मी ते फॉर्ममध्ये लिहायला गेलो. पण त्या चौकटीत वीसच अक्षरे मावत होती.

शेवटी व्हिएन्ना लिहायचे ठरले. जिथे निम्म्याच्या आसपास लोक नगरपालिकेच्या किंवा अनुदानित घरांत राहतात, १८७३ पासून आल्प्सच्या डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी नळाने येते आणि कॉफीगृहात एका पेल्यावर तासन्‌तास वर्तमानपत्र वाचत बसले तरी कोणी उठवत नाही, त्या शहराला नकार देण्याइतका मी करंटा नाही. तिथल्या कार्ल-मार्क्स-होफ या वसाहतीची इमारत एक किलोमीटरहून लांब आहे, हे मी कौतुकाने सांगितले, तेव्हा बायको म्हणाली, "म्हणजे किल्ली विसरून तुम्ही खाली आलात की परत जायला रिक्षा करायची?"

"जर्मन येतं का तुम्हाला?" हा तिचा पुढचा प्रश्न होता. शिकेन, असे मी म्हणालो. त्यावर ती काहीच बोलली नाही. लग्नाला पंचवीस वर्षे झाल्यावर काही शांतता फार स्पष्ट बोलतात. म्हणून मी कोपनहेगनचा पर्याय काढला. बंदराचे पाणी इतके स्वच्छ की लोक त्यात पोहतात, सगळीकडे सायकली, शिवाय ताजा पहिला नंबर. फक्त डिसेंबरात सूर्य दुपारी चारच्या आधीच मावळतो.

"मग तुमची दुपारची झोप आणि रात्रीची झोप यांत फरक तो काय राहिला?"

या शहराचे खरे आकर्षण तेच आहे हे मी तिला सांगितले नाही.

दुसऱ्या चौकटीसाठी, म्हणजे काम करण्यासाठी, मी प्रथम हाँगकाँगचा विचार केला. तिथे डोंगरउतारावरच्या वस्तीतून खालच्या कचेऱ्यांच्या भागात नेणारी सरकत्या जिन्यांची आठशे मीटर लांबीची साखळी १९९३ पासून आहे. सकाळी सहा ते दहा ते जिने खाली जातात आणि त्यानंतर मध्यरात्रीपर्यंत वर. माणूस सकाळी कामावर उतरतो आणि नंतर घरी चढतो, असे त्या शहराने एकदाचे गृहीत धरले आहे. रात्रपाळी करून सकाळी आठला घरी निघालेला माणूस त्या खाली वाहणाऱ्या जिन्याकडे कोणत्या नजरेने पाहत बाजूच्या पायऱ्या चढत असेल, या विचाराने माझा उत्साह मावळला. माझे आयुष्य साधारणपणे याच पद्धतीने, जिने खाली येत असताना वर जाण्यात गेले आहे.

मग राहता राहिले टोकियो. ज्या शहराच्या जवळच २०१७ साली एक गाडी वीस सेकंद लवकर सुटली म्हणून रेल्वे कंपनीने जाहीर माफी मागितली, आणि जिथे गाडीला उशीर झाला तर प्रवाशाला कार्यालयात दाखवण्यासाठी उशिराचा दाखला देतात, त्या शहराबद्दल कोणाही नोकरदाराला भक्तिभाव वाटेल. मला त्या दाखल्याचे विशेष आकर्षण आहे. आजवर मी साहेबांना उशिराची जी कारणे दिली, त्यांतल्या एकालाही असा छापील पुरावा नव्हता.

तथापि टोकियो हे मी प्रत्यक्ष पाहिलेल्या शहरांपैकी आहे, आणि अडचण तिथेच आहे. काही वर्षांपूर्वी पाच दिवसांच्या कामासाठी मी तिथे गेलो होतो. माझे हॉटेल शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेला, दहा मिनिटांच्या अंतरावर होते. शिंजुकू हे जगातले सर्वांत गजबजलेले स्टेशन. रोज तीस लाखांहून अधिक माणसे त्यातून ये-जा करतात आणि बाहेर पडायला दोनशेहून अधिक दारे आहेत. मला त्यांतले एकच हवे होते. पिवळ्या पाट्यांवर पूर्व, पश्चिम, दक्षिण, नवा दक्षिण, आग्नेय, मध्य पूर्व अशी नावे होती. दक्षिण दिशा नवीही असू शकते हे ज्ञान मला तिथे प्रथम झाले. मी बाणांच्या मागे चालू लागलो. एक बाण मला एका वळणापर्यंत घेऊन गेला आणि तिथे दुसऱ्या बाणाच्या हवाली करून नाहीसा झाला. वीस मिनिटांनी मी एका मोठ्या दुकानाच्या तळघरात छत्र्यांच्या विभागात निघालो. परत फिरलो. पुढच्या वीस मिनिटांनी पुन्हा छत्र्याच दिसल्या. फक्त या खेपेला विक्रेतीने मला ओळखून लवून नमस्कार केला. तिसऱ्यांदा तिथे पोचलो असतो तर छत्री विकत घ्यावीच लागली असती, म्हणून जो जिना दिसला तो चढून वर आलो, आणि मोकळ्या आकाशाखाली आल्यावर कळले की मी पश्चिमेला आहे. हॉटेल रुळांच्या पलीकडे होते. बाहेरून वळसा घालून मी तिथे पोचलो तेव्हा पहिली बैठक संपत आली होती, आणि माझी गाडी अगदी वेळेवर आलेली असल्यामुळे मला दाखला मिळण्यासारखा नव्हता. २०२० मध्ये त्या स्टेशनात पूर्व-पश्चिम जोडणारा खुला मार्ग सुरू झाला असे नंतर वाचले. माझी मूक तक्रार उशिरा का होईना पोचली असावी.

एवढे होऊनही मी दुसऱ्या चौकटीत टोकियोच लिहिले. काम करायचे तर नियमात चालणाऱ्या शहरात करावे. आपण हरवलो तरी शहर हरवलेले नसते, हा मोठा दिलासा असतो.

फिरायच्या शहरावर मात्र घरात मतभेद झाले. मुलीला बार्सिलोना हवे होते. तिथे जुलै २०२४ मध्ये पर्यटकांच्या गर्दीला कंटाळलेल्या रहिवाशांनी मोर्चा काढून उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवले, हे मी तिच्या निदर्शनास आणले. "उन्हाळ्यात पाणी उडवलं तर बरंच की!" असे आमचे मेहुणे म्हणाले. त्यांना यजमानाचा राग कधीच कळत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. त्या दिवशी ते आमच्याकडे येऊन नववा दिवस होता.

मी व्हेनिसच्या बाजूचा होतो, कारण व्हेनिसही मी पाहिलेले आहे. चारशेहून अधिक पूल, आणि बहुतेक सगळ्यांना पायऱ्या. चाकांची बॅग ही वस्तू ज्याने शोधून काढली त्याने व्हेनिस पाहिलेले नसणार. तिथे घरांचे क्रमांक रस्त्यानुसार नसून अख्ख्या विभागाचे मिळून असतात, आणि ते कित्येक हजारांपर्यंत जातात. त्यामुळे आपल्याला हवे असलेले घर आधीच्या क्रमांकाच्या घराशेजारी असेलच असे नाही. मी हरवलो, हे सांगायला नकोच. परंतु टोकियोत हरवल्यावर मी घामाघूम झालो होतो, आणि इथे तेवढाच हरवून मी दर वळणावर 'वा!' म्हणत होतो. हरवण्यात काही फरक नव्हता. टोकियोत दहाची बैठक होती, इथे नव्हती.

अशाच एका अरुंद पुलाच्या मध्यावर बॅग आडवी टाकून मी पाण्यातल्या प्रतिबिंबाचा फोटो काढत होतो. प्रतिबिंबात एक होडी सारखी यायची, म्हणून मी ती जाण्याची वाट पाहत होतो. बऱ्याच वेळाने मागून अतिशय सौम्य आवाजात "पेर्मेसो", म्हणजे 'जरा वाट द्या', असे ऐकू आले. वळून पाहिले तर सत्तरीच्या एक बाई दोन पायऱ्या खाली उभ्या होत्या. त्यांच्या हातात सामानाची चाकगाडी होती आणि तिच्यातून कोथिंबिरीसारखा काहीतरी पाला डोकावत होता. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रोज पन्नास वेळा म्हणावा लागणारा शब्द एक्कावन्नाव्यांदा म्हणताना जो चेहरा होतो तो होता. मी बॅग ओढली, ती पायरीवरून घसरली आणि त्या बाईंनीच ती पायाने अडवली. १९५० च्या सुमारास जुन्या व्हेनिसमध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत. आता पन्नास हजारही उरलेले नाहीत. म्हणजे मी वाट अडवली होती ती उरल्यासुरल्यांपैकी एकीची, आणि तीही प्रतिबिंबासाठी. २०२४ पासून ठरावीक दिवशी, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्या पाहुण्यांकडून ते शहर पाच युरो प्रवेशशुल्क घेऊ लागले, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. माझ्याकडून त्यांनी मागच्या भेटीचेही वसूल करायला हरकत नव्हती.

तरीही तिसऱ्या चौकटीत मी व्हेनिसच लिहिले, आणि बुधवारी संध्याकाळी मुदत संपायला सहा मिनिटे असताना फॉर्म धाडून दिला.

शुक्रवारी मनुष्यबळ विभागातली मुलगी हसत माझ्या टेबलापाशी आली. "सर, तुम्हाला टोकियोत काम करायला आवडेल असं तुम्ही लिहिलंय. तिथल्या प्रकल्पावर सहा महिन्यांसाठी माणूस हवाच होता. तुमचं नाव पुढे पाठवलंय." मी भांबावून आभार मानले आणि स्वर शक्य तितका निरिच्छ ठेवून गैरसोयीच्या भत्त्याविषयी विचारले. ती अधिकच हसली. "सर, आवडतं शहर म्हणून तुम्हीच लिहिलंय ना? मग गैरसोय कसली?"

घरी आल्यावर ही बातमी सांगितली. बायकोने शांतपणे फोन उघडला आणि अर्ध्या तासात माझा जपानीचा पहिला पाठ सुरू झाला. "हिगाशी म्हणजे पूर्व आणि निशी म्हणजे पश्चिम," ती म्हणाली. "निशी लक्षात ठेवायला अगदी सोपं आहे. पश्चिमेला सूर्य मावळतो, निशा होते. झालं."

ते खरेच सोपे आहे. एकदा ऐकले आणि पाठ झाले. पण मला हवे आहे ते दार पूर्वेचे, आणि तो शब्द मी आठवड्यात चौथ्यांदा विसरलो आहे.