हिब्रूचे धर्मांतरित पंडित आणि ग्रंथदहनाचा आरोप

सोळाव्या शतकातील युरोपात ख्रिस्ती पंडित हिब्रू शिकले ते केवळ बाप्तिस्मा घेतलेल्या ज्यूंकडून, आणि या धर्मांतरितांनी आपली विद्या ज्यूंचेच ग्रंथ जाळण्यासाठी वापरली, असे विधान बरेच फिरते.

यातील पहिला भाग लगेच निकालात निघतो. जर्मन ख्रिस्ती पंडित योहानेस रॉइशलिनला हिब्रूचे धडे देणारे याकोब लोआन्स हे सम्राट तिसऱ्या फ्रेडरिकचे ज्यू वैद्य होते. रोममध्ये त्याला पुढे शिकवणारे ओबादिया स्फोर्नो रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते. कार्डिनल एजिदिओ दा व्हितेर्बोच्या घरी दहाहून अधिक वर्षे राहून त्याला शिकवणाऱ्या एलिया लेवितांनीही धर्म सोडला नाही.

दुसऱ्या भागाचा मुख्य आधार कोलोनचा धर्मांतरित ज्यू योहानेस फेफरकॉर्न. १५०९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियनकडून ज्यूंचे ग्रंथ जप्त करण्याचा हुकूम त्याने मिळवला, हे खरेच. परंतु तो हिब्रूचा प्राध्यापक नव्हता, त्याला लॅटिनही येत नसल्यामुळे त्याच्या जर्मन पत्रकांची लॅटिन भाषांतरे इतरांनी केली, आणि त्याच्या पाठीशी उभे राहिलेले कोलोनचे डॉमिनिकन संघाचे धर्मपंडित मात्र जन्माने ख्रिस्तीच होते. १५५३ मध्ये रोमच्या काम्पो दे फिओरी चौकात तालमुद हा ज्यूंचा धर्मग्रंथ जाळला गेला, त्याआधी व्हेनिसच्या जुस्तिनियानी आणि ब्रागादिन या दोन ख्रिस्ती प्रकाशकांचे मध्ययुगीन ज्यू पंडित मायमोनिडीसच्या ग्रंथावरून भांडण पेटले होते. पोपच्या दरबारी ते गेल्यावर तालमुदविरुद्ध साक्ष द्यायला धर्मांतरित पुढे आले, त्यांत खुद्द लेवितांचा एक नातूही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. पण निवाडा इन्क्विझिशनचा, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाचा होता, आणि ते काही धर्मांतरितांचे मंडळ नव्हते.

आता ज्या धर्मांतरितांची विद्या खरोखर विद्यापीठांत व छापखान्यांत पोहोचली त्यांच्याकडे पाहावे. आल्फोन्सो दे सामोरा याने स्पेनमधील आल्कालात हिब्रू शिकवली आणि तेथील बहुभाषिक बायबलच्या हिब्रू संहितेवर काम केले. फेरारात जन्मलेला इमॅन्युएल ट्रेमेलिअस केंब्रिजमध्ये आणि १५६१ पासून हायडेलबर्गमध्ये शिकवत होता. त्याने जुन्या कराराचे लॅटिन भाषांतर सहकाऱ्यासह केले. व्हेनिसमध्ये बोंबेर्गच्या छापखान्यात १५२४-२५ मध्ये रब्बींच्या भाष्यांसह बायबल सिद्ध करणारा याकोब बेन हाय्यीम पुढे ख्रिस्ती झाला, तरीही ज्यूंच्या छापील बायबलची संहिता नंतर शतकानुशतके त्याच्याच आवृत्तीवर आधारलेली राहिली.