सर, नोट्स कधी देणार?

कॉलेज सुरू होऊन आठवडाही होत नाही, तोवर नव्या बॅचमधून हा प्रश्न येतोच. पुस्तक कुठलं वापरायचं, हे त्यानंतर कोणीतरी विचारतं. काही वर्षी तेही नाही. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो आणि खरं सांगायचं तर या प्रश्नाचा मला राग येत नाही. ज्या मुलाला बारावीपर्यंत नोट्स, गाइड आणि ‘इम्पॉर्टंट क्वेश्चन्स’वरच पुढे ढकललं, ते कॉलेजात येऊन दुसरं काय मागणार? राग येतो तो स्टाफरूममधल्या त्या ठेवणीतल्या वाक्याचा. “आपल्या मुलांचं इंग्रजीच कच्चं हो!” एवढं म्हटलं की विषय मिटतो आणि चहा येतो.

इंग्रजीची अडचण आहेच. घरी कोकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा आणि पाचवीपासून एकदम सगळे विषय इंग्रजीत, या वाटेने आलेली कितीतरी मुलं माझ्या वर्गात असतात. पण केजीपासून इंग्रजीत शिकलेली मुलंही त्याच प्रकरणात, त्याच पानावर अडकतात, त्याचं काय करायचं? ती मोठ्याने वाचायला लागली तर ऐकत राहावं असं वाचतात. परिच्छेद संपल्यावर “काय म्हटलंय?” असं विचारा, की बाकाखाली बघतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: अक्षरं वाचायला शाळा शिकवते, प्रकरण वाचायला कोणीच शिकवत नाही. तिसरी-चौथीत वाचन ‘आलं’ असं आपण धरतो आणि मग थेट टी.वाय.च्या प्रोजेक्टला “रेफरन्स बुक्स वाचा” म्हणून सांगतो. मधली दहा वर्षं हे काम कोणाचं होतं?

एक साधं उदाहरण घ्या. मागणीचा नियम पाठ्यपुस्तकात जेमतेम दोन ओळींचा असतो. इतर परिस्थिती कायम असेल तर वस्तूची किंमत वाढल्यावर तिची मागणी घटते आणि किंमत उतरल्यावर वाढते. मुलं यातलं दुसरं अर्धं अधोरेखित करतात. पहिलं अर्धं, म्हणजे इतर परिस्थितीची अट, नुसती वाक्याची सुरुवात समजून ओलांडून जातात. मग मी विचारतो, श्रावणात बांगड्याचा भाव उतरला तरी तो कित्येक घरांत येत नाही, मग नियम खोटा ठरला का? निम्मा वर्ग ठामपणे ‘हो’ म्हणतो. श्रावण म्हणजेच ती बदललेली इतर परिस्थिती. शिवराक, म्हणजे शाकाहारी, खाणाऱ्या घराची आवड त्या महिन्यापुरती पालटलेली असते आणि म्हणून मागणीची अख्खी रेषाच डावीकडे सरकते, म्हणजे भाव कुठलाही असो, मागणी आधीपेक्षा कमीच. हे एकदा फळ्यावर काढलं की डोळे चमकतात. इथे इंग्रजीचा संबंध नव्हता, वाक्यातला प्रत्येक शब्द त्यांना येत होता. अट वाचायची असते, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

आणि हीच मुलं गावच्या जत्रेच्या नाटकात उभी राहतात तेव्हा काय वाचतात! तीन अंकी संहिता हातात पडली की आपलं पात्र हे वाक्य आत्ताच का बोलतं, समोरच्याला यातलं किती ठाऊक आहे, पहिल्या अंकात सोडलेला धागा तिसऱ्यात कुठे येतो, यावर तालमीत तासन्‌तास वाद घालतात. दिग्दर्शक त्यांना तसं वाचायला लावतो म्हणून. लेखक काय म्हणतो, कशाच्या जोरावर म्हणतो, कुठे हात राखून बोलतो, हे अर्थशास्त्राच्या प्रकरणालाही विचारायचं असतं. पण आमच्याकडे तालीमच नसते, थेट प्रयोग.

मग मुलं आपल्या परीने उपाय काढतात आणि पहिला उपाय म्हणजे हायलायटर. पिवळा, हिरवा, गुलाबी. काहींचं पान असं रंगलेलं असतं की न रंगवलेलं वाक्यच उठून दिसतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं. अधोरेखन आणि तेच ते पुन्हा वाचणं या दोन्ही लाडक्या पद्धती तळाच्या गटात गेल्या. वर आल्या त्या दोन: स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणं. पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो आणि त्यालाच आपण ‘समजलं’ म्हणतो. पेपरात पान समोर नसतं, तेव्हा कळतं.

यात नवीन काही नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या फ्रान्सिस रॉबिन्सन यांनी कॉलेजच्या मुलांसाठी एक पद्धत मांडली होती. आधी प्रकरण वरवर चाळा, मथळ्यांचे प्रश्न करा, उत्तर शोधत वाचा, पुस्तक मिटून सांगा, मग उजळणी. मी पाचही पायऱ्यांचा आग्रह धरत नाही. पायऱ्या पाठ करून घेतल्या की त्याच्याही नोट्स होतात. पण पुस्तक मिटून सांगणं मात्र मी सोडत नाही. आणि ते कोकणीत सांगा, मराठीत सांगा, मला चालतं. इंग्रजीत सांगायला लावलं की मुलं पुस्तकातलंच वाक्य परत करतात, आपल्या बोलीत सांगायला लागली की कुठे अडलं ते त्यांचं त्यांनाच ऐकू येतं. इंग्रजीत लिहायचं आहेच, ते त्यानंतर. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. नसो.

शब्दांचं म्हणाल, तर पॉल नेशन यांच्यासारख्या संशोधकांच्या मते कोणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे ३०० शब्दांच्या पानावर अडणारे शब्द सहा. माझ्या वर्गातल्या काहींना वीस-पंचवीस अडतात. दर शब्दाला मोबाइल उघडला तर वाक्याचा धागा तुटतो आणि मोबाइल उघडल्यावर पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणून मी सांगतो, पहिल्या वाचनात नुसती पेन्सिलची खूण करा, पुढे जा. प्रकरणभर जे चार-पाच शब्द पुन्हा पुन्हा येतात तेवढेच आधी पक्के करा. विषयाचं बरंचसं ओझं तेच शब्द वाहतात.

पालकांसाठी एक वेगळी गोष्ट. १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आपल्या पणजीत आहे, पाटोवर चांगली ऐसपैस इमारत आहे. तिथे मुलांना पाठवा, पण झेरॉक्सचा गठ्ठा देऊन नको. एसीत बसून नोट्स पाठ करणं म्हणजे वाचनालयात जाणं नव्हे.

हे काम इंग्रजीच्या मॅडमवर ढकलून भागणार नाही. इतिहासाचं प्रकरण वाचायची रीत वेगळी, रसायनशास्त्राची वेगळी, आणि ताळेबंद तर डावीकडून उजवीकडे वाचून कळतच नाही. प्रत्येकाने आपल्या विषयाचं एक पान वर्गात मुलांबरोबर बसून वाचावं, आठवड्यातून पंधरा मिनिटं. मी हे सुचवलं की लगेच येणारं उत्तर ठरलेलं आहे: “आणि पोर्शन कोण पूर्ण करणार?” साठ मुलांची हजेरी तोंडी घ्यायला रोज पाच-सात मिनिटं जातात, तेव्हा पोर्शनची आठवण कोणालाच होत नाही.