दादाचे पैसे आधी फेडले, तिथेच चुकलं

तीन वर्षं झाली, आता लिहायला हरकत नाही. मी इथे अमेरिकेत बँकरप्सी फाइल केली होती. चॅप्टर ७, म्हणजे बहुतेक कर्जं थेट माफ होणारा प्रकार. दिवाळं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जुगार नाहीतर उधळपट्टी येते. माझ्या बाबतीत एक ऑपरेशन झालं, नोकरी गेली आणि तेवढे महिने घर कार्डांवर चाललं. बस्स.

पण सांगायचंय ते फाइल करण्याआधीच्या सहा महिन्यांबद्दल. तेव्हा सभ्य माणसासारखं म्हणून जे जे केलं, ते सगळं उलटं निघालं. ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, मोडून कार्डांचे हप्ते भरले. तो पैसा बँकरप्सीत साधारणपणे सुरक्षित असतो. मी मात्र टॅक्स आणि दंड सोसून तो कार्ड कंपन्यांच्या घशात घातला, आणि त्याच कार्डांची उरलेली बाकी पुढे माफ झाली! दुसरं म्हणजे भावाचे चार हजार डॉलर परत केले. बँकेचं राहिलं तर राहू दे, घरच्यांचे बुडवायचे नाहीत, असं आपलं गणित.

वकिलाने पहिल्याच भेटीत विचारलं, "गेल्या वर्षभरात नातेवाइकांना काही परत दिलंत?" मी जरा अभिमानानेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. फाइल करण्याआधीच्या एका वर्षात नातेवाइकांची केलेली परतफेड ट्रस्टी, म्हणजे दिवाळ्याचं प्रकरण बघायला नेमलेला माणूस, परत मागू शकतो, आणि तीही माझ्याकडून नाही, भावाकडून. बाहेरच्यांसाठी हीच मुदत ९० दिवसांची. वर्ष उलटेपर्यंत थांबावं, तर एका कार्ड कंपनीने दावा लावलेला आणि नव्या नोकरीचा पगार जप्त व्हायची वेळ आलेली. फाइल केलं. दादाला ट्रस्टीचं पत्र गेलं. त्याने पैसे भरले, मला एका शब्दाने बोलला नाही. वहिनी बोलली.

म्हणून म्हणते, वकिलाकडे जायचं ते सगळे उपाय थकल्यावर नाही. एकही उपाय करायच्या आधी जा.

कुठल्या वकिलाकडे? त्या पेन खाली ठेवणाऱ्या वकिलाआधी मी एका मोठ्या जाहिरातवाल्या ऑफिसात गेले होते. वकील दिसलेच नाहीत. टेबलावरच्या बाईंनी वीस मिनिटांत चॅप्टर १३ चा, म्हणजे काही वर्षं हप्त्यांनी कर्ज फेडायच्या प्रकाराचा, फॉर्म पुढे सरकवला, "आत्ता थोडेच भरा, बाकी हप्त्यांत." यातली मेख नंतर कळली. चॅप्टर ७ मध्ये वकिलाची फी बहुधा आधीच भरावी लागते, कारण थकलेली फी हीसुद्धा माफ होणारं कर्जच! १३ मध्ये ती हप्त्यांत घालता येते. १३ वाईट नाही. घराचे हप्ते थकलेत आणि घर वाचवायचंय, तर तीन ते पाच वर्षांची ती योजनाच कामाची. मला घरच नव्हतं.

दुसऱ्या वकिलाने तासभर नको नको ते विचारलं. सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागितल्या, कारण मीन्स टेस्ट, म्हणजे चॅप्टर ७ मिळण्याइतकं उत्पन्न कमी आहे का ही तपासणी, त्याच सरासरीवर चालते. भारतात काही आहे का, हे तर दोनदा विचारलं. आईबरोबरची एफडी, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, सगळं लिहायचं. मालमत्ता जगात कुठेही असो, ती दाखवावीच लागते. लपवली तर तो फेडरल गुन्हा. "कोणाला कळणार आहे?" म्हणणारे मित्र खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका. आणि न विचारता सही मागणारा वकीलही नको.

कोर्टाची फी ३३८ डॉलर. आधी क्रेडिट काउन्सेलिंगचा एक कोर्स, नंतर आणखी एक. दोन्ही कंटाळवाणे. फाइल झाल्यावर मात्र वसुलीचे फोन थांबले. पहिल्या दिवशी मी फोन बंद पडलाय का म्हणून तपासला. धनकोंची सभा झूमवर झाली, दहा मिनिटांत संपली, एकही धनको आला नाही. चारेक महिन्यांत डिस्चार्ज, म्हणजे कर्जमाफीचा कोर्टाचा हुकूम. स्टुडंट लोन बहुधा यातून सुटत नाही, पोटगी तर नाहीच. आणि क्रेडिट रिपोर्टवर १० वर्षं हे राहणार.

डिस्चार्जनंतर एखादं देणं आपखुशीने फेडायला कायद्याची आडकाठी नाही, हेही त्या वकिलानेच सांगितलं. दादाला दर महिन्याला दोनशे पाठवते. चार हप्ते राहिलेत.