विलीजला टू-बॅरल कार्ब्युरेटर: त्या संदेशातला एकेक दावा

जुन्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश सतत फिरतो आहे. त्याचा आशय असा: विलीज किंवा महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग, थोडक्यात कार्ब) दुरुस्त करत बसू नका. मुंबईत कुर्ल्याहून मारुती जिप्सीचा टू-बॅरल, म्हणजे दोन गळ्यांचा कार्ब आणा, ॲडॉप्टर प्लेटवर ठेवा, सोबत इलेक्ट्रिक पंप बसवा. कार्ब सरळ बसतो, पॉवर वाढते, गाडी घाटात जास्त चांगली चालते, ॲव्हरेज दुप्पट होतं आणि ई-20 पेट्रोलची (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) चिंता मिटते. हे वाचून लोक चांगले कार्ब्युरेटर भंगारात देत आहेत, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

«सरळ बसतो»

बसत नाही. विलीजच्या मॅनिफोल्डला (कार्बमधून सिलेंडरांकडे जाणाऱ्या नळीला) एकच गोल तोंड आहे आणि टू-बॅरलला शेजारी शेजारी दोन. ॲडॉप्टर प्लेटच्या आत त्यामुळे एक पायरी तयार होते. पेट्रोलमिश्रित हवा त्या पायरीवर आपटते, पेट्रोलचे थेंब वेगळे होऊन भिंतीवरून ओघळतात. आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तर फक्त पहिला गळा काम करतो आणि तो मध्यापासून बाजूला असतो. मग दोन सिलेंडर ओले, दोन कोरडे. चारही प्लग काढून शेजारी ठेवले की हा फरक रंगावरून कळतो.

प्लेट आणि कार्ब मिळून उंचीही वाढते. सीजे-3बी या विलीज मॉडेलचं बॉनेट आधीच उंच केलेलं आहे, कारण तिच्या एफ-हेड इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह वर आहेत आणि कार्ब थेट हेडवर बसतो. तिथे जागा उरत नाही. मग लोक जुना ऑइल-बाथ एअर क्लीनर काढून छोटा उघडा फिल्टर लावतात. क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या तळाच्या, ऑइल असलेल्या भागात) जाणारी हवा त्याच क्लीनरमधून गाळून येते, हे कोणाच्या लक्षात राहत नाही. ती नळी मोकळी सुटली की कर्जतच्या वाटेवरची धूळ सरळ इंजिन ऑइलमध्ये जाते.

विजेचा प्रश्न वेगळाच. मोटारींच्या नंतरच्या अनेक कार्बना आयडलचं पेट्रोल बंद करणारा 12 व्होल्टचा सोलेनॉइड (विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह) असतो. 6 व्होल्टच्या विलीजवर तो उघडत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडला की गाडी बंद पडते. मेकॅनिक दिवसभर जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकं) साफ करत बसतो, दोष वायरिंगमध्ये असतो. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी व्हॅक्यूमची तोटी असेल, तर ती टोपी घालून बंद करा. विलीजच्या डिस्ट्रिब्युटरला व्हॅक्यूम ॲडव्हान्स (व्हॅक्यूमवर स्पार्कची वेळ बदलणारी सोय) नाही, आणि तोटी उघडी राहिली तर हवा खेचते.

«पॉवर वाढते»

हिशेब करून पाहा. इंजिन 2,199 सीसी, फोर-स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा भरतं. 4,000 आरपीएमला आदर्श भरणी झाली तरी मिनिटाला 4,400 लिटर हवा. जुन्या विलीजच्या गो-डेव्हिल इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला असल्याने हवेची वाट वाकडी आहे, कॉम्प्रेशन जेमतेम 6.48 आहे; प्रत्यक्षात 75 ते 80 टक्के धरा, म्हणजे साधारण 3,300 ते 3,500 लिटर. ठीक असलेला मूळ सिंगल-बॅरल एवढी हवा देतो. कंपनीचे 60 हॉर्सपॉवर त्यावरच निघत होते. गळा मोठा केला म्हणून इंजिन जास्त ओढत नाही.

या जीपचा सर्वांत जास्त टॉर्क 2,000 आरपीएमला मिळतो. चिखलात, दगडांवर तुम्ही तिथेच किंवा त्याखाली असता. तेव्हा पाय पूर्ण दाबला आणि दुसरा गळा उघडला, तर व्हेंच्युरीतला (गळ्याच्या अरुंद भागातला) हवेचा वेग पडतो, जेट पेट्रोल ओढत नाही आणि चढावर ऐनवेळी इंजिन गुदमरतं.

«घाटात जास्त चांगली चालते»

हे फ्लोट बाउलच्या (कार्बमधल्या पेट्रोलच्या वाटीच्या) दिशेवर ठरतं. बाउल गळ्याच्या पुढे, रेडिएटरच्या बाजूला असेल, तर चढावर पेट्रोलची पातळी नोझलपेक्षा वर जाते आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात जास्त पेट्रोल जातं. बाउल मागे असेल तर चढावरच उपाशी राहतं. ॲडॉप्टरसाठी कार्ब आडवा फिरवला की हाच त्रास बाजूच्या कलावर येतो. म्हणून मूळ कार्बची दिशा बदलू नका.

«इलेक्ट्रिक पंप लावा»

हा भाग सर्वांत धोकादायक आहे. विलीजचा मेकॅनिकल पंप 3-4 पीएसआयच्या आसपास दाब देतो आणि बाउलमध्ये पेट्रोल सोडणारा नीडल व्हॉल्व्ह तेवढाच अडवतो. इंजेक्शनच्या गाडीचा पंप त्याच्या दहापट दाब देऊ शकतो. नीडल उचलली जाते, बाउल ओसंडतो. गो-डेव्हिलमध्ये इनटेक मॅनिफोल्डच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे, पेट्रोल त्यावर पडतं. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल, तर कमी दाबाचा घ्या, गेजवर दाब मोजा, आणि इंजिन बंद पडताच पंप बंद होईल असा ऑइल-प्रेशर स्विच जोडा.

«ॲव्हरेज दुप्पट»

सीजे-2ए आणि 3बी मॉडेलांच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 5.38 आहे, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाकाच्या एका फेरीला इंजिन 5.38 वेळा फिरतं. 6.00-16 टायरवर ताशी 60 किमीला इंजिन 2,400 ते 2,500 आरपीएम फिरतं. कार्ब बदलून ते बदलत नाही. सुधारणा दिसली, तर आधीच्या कार्बच्या बटरफ्लायचा (गळा उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपेचा) शाफ्ट झिजलेला होता एवढाच त्याचा अर्थ. कार्ब बदलून ॲव्हरेज थोडं सुधारू शकतं, एवढाच मुद्दा त्या संदेशात खरा आहे.

झीज घरीच तपासता येते. आयडलिंगला बटरफ्लायच्या शाफ्टच्या दोन्ही टोकांवर पाण्याचा बारीक फवारा मारा. कार्ब क्लीनर मारू नका, खाली एक्झॉस्ट तापलेला आहे. आवाज बदलला तर तिथून हवा शिरते. चांगला टर्नर पितळी बुश घालून देतो, आणि अर्ध्या गाड्यांचं काम तिथेच संपतं. त्याआधी पॉइंट गॅप 0.50 मिमी, प्लग गॅप 0.75 मिमी आणि टायमिंग 5 अंश पाहून घ्या. चार सिलेंडरांच्या कॉम्प्रेशनमध्ये 10 पीएसआयपेक्षा जास्त फरक असेल, तर कुठलाच कार्ब उपयोगाचा नाही.

«ई-20ची चिंता मिटते»

कार्ब जिप्सीचा म्हणून ई-20ला चालेलच असं नाही. तोही इथेनॉलच्या आधीच्या काळातला आहे. पंपाचा डायफ्राम, नीडलचं टोक, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. शिवाय ई-20ला तेवढ्याच हवेसाठी सुमारे 8 टक्के जास्त इंधन लागतं. सोलेक्स जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. क्षेत्रफळ 8 टक्के वाढवायला व्यास 4 टक्के वाढतो, म्हणून 130च्या जागी 135 लावून प्लगचा रंग पाहा. तारेने भोक मोठं करू नका, ते अंडाकृती होतं.

नवा कार्ब घ्यावाच लागला, तर सिंगल-बॅरल, कार्टर किंवा सोलेक्स पद्धतीचा घ्या. मुंबईत ऑपेरा हाउसच्या किंवा कुर्ल्याच्या स्पेअर पार्ट बाजारात जाताना जुन्या फ्लँजचा (कार्ब बोल्टने बसतो त्या तळाचा) पुठ्ठ्यावर काढलेला ठसा आणि मोजमापाचं व्हर्नियर सोबत ठेवा. स्टडचं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, गळ्याचा व्यास, वरच्या तोंडाचा व्यास आणि लिव्हर कोणत्या बाजूला, हे दुकानातच जुळवा. बसवल्यावर इंजिन बंद ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगा आणि बटरफ्लाय मॅनिफोल्डला घासत नाही ना, ते वरून टॉर्चने बघा.